दीड मिनिटाचं काम : जुन्या गाडीतल्या एअर पंपास अनावृत पत्र

कोडोली, ता. पन्हाळा, जि. कोल्हापूर

प्रिय एअर पंपा,



तुला काढून टाकायचं की दुरुस्त करायचं, यावर अलीकडे आमच्या घरात, गॅरेजमध्ये आणि ओळखीपाळखीत बरंच बोलणं झालं. तुझ्या बाजूनं बोलायला कुणीच नव्हतं. तू डोळ्यांना दिसत नाहीस, तुझं नाव फार थोड्यांना ठाऊक, आणि तुझ्यावाचून गाडी अडत नाही. ज्याच्यावाचून अडत नाही त्याची बाजू घ्यायची तर ती चारचौघांत घ्यावी, म्हणून हे पत्र उघडं लिहितो आहे.

वाचणाऱ्यांसाठी आधी तुझी ओळख. आमची गाडी वीस वर्षांची, पेट्रोलवरची, जर्मन बनावटीची. थोरल्या बंधूंनी ती पुण्यात घेतली, तिथंच वापरली आणि निवृत्त होऊन गावी आले तेव्हा सोबत आणली. तिच्या नाकाशी, हेडलाइटच्या खाली, रबरी बुशांवर तीन बोल्टांनी धरलेला एक काळा डबा आहे. तो तू. बारा व्होल्टवर चालणारी मोटर, तिच्यावर प्लास्टिकचा पंखा, बाहेर निघालेला नळीदार पाईप आणि पाईपच्या टोकाला, थेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ बसलेला एक वन-वे व्हॉल्व्ह. गाडी थंड असताना चावी फिरवली की तू घुंऽऽ करत चालू होतोस, साधारण मिनिट-दीड मिनिट चालतोस आणि गप्प होतोस. दिवसभरात पुन्हा कुणाला तुझा आवाज येत नाही.

काही दिवसांपूर्वी मीटरवरचा इंजिनचा पिवळा दिवा लागला तो विझेना. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तर पी०४११ हा कोड आला. तुझ्याकडून मिळायला हवी तेवढी हवा मिळत नाही, असा त्याचा अर्थ. मेस्त्रींनी बॉनेटमध्ये वाकून तुला हलवून बघितलं आणि म्हणाले, "दादा, ह्याचं काम गाडी थंड असताना दीड मिनिट. बाकी दिवसभर नुसतं बसून असतंय. नवा घ्यायचा म्हटला तर गाडीच्या किमतीच्या मानानं परवडत न्हाई. काढून टाकूया. मॅनिफोल्डला पत्रा मारतो, दिव्याचं कोल्हापुरात लॅपटॉपवर बंद करून घेऊ. विषय संपला."

मेस्त्री सरळ माणूस. माझे पैसे वाचावेत एवढाच त्यांचा हेतू. आणि दीड मिनिटाचं त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे. माझं सगळं म्हणणं त्या दीड मिनिटाबद्दलच आहे.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं इंजिन सकाळी थंडगार असतं. थंड धातूवर पेट्रोल नीट वाफ होत नाही, सिलिंडरच्या भिंतींना चिकटून राहतं. गाडी बंद पडू नये म्हणून इंजिनाचा संगणक गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडतो. ते सगळं जळत नाही. अर्धवट जळलेलं आणि न जळलेलं पेट्रोल, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, एक्झॉस्टमध्ये जातं. पुढं सायलेन्सरच्या वाटेवर कॅटलिटिक कन्व्हर्टर, म्हणजेच कॅट, बसलेला असतो. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महागडे धातू त्याच्यात असतात आणि तापल्यावर तो या विषारी वायूंचं बरंचसं निर्विष करतो. पण तापल्यावर! अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसच्या खाली तो जवळजवळ निकामी. म्हणजे घाण सगळ्यात जास्त निघते त्याच वेळी ती साफ करणारा झोपलेला असतो. चांगला कॅट असलेली पेट्रोल गाडी एका फेरीत जेवढे हायड्रोकार्बन सोडते त्यातले निम्म्याहून जास्त या सुरुवातीच्या थोड्या वेळातच बाहेर पडतात.

तू तिथं उभा राहतोस. बाहेरची ताजी हवा ओढून ती एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या अगदी पाठीमागं, जिथं वायू अजून तापलेले आहेत तिथं सोडतोस. प्राणवायू मिळाला की उरलेलं पेट्रोल मॅनिफोल्डमध्येच जळतं. कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो. त्या जळण्याची उष्णता कॅटला मिळते आणि तो लवकर जागा होतो. कॅट जागा झाला की तुझं काम संपलं. एका दगडात दोन पक्षी मारणारी यंत्रं फार नसतात, तू त्यातलं एक आहेस.

आता हे दीड मिनिट कुठं जातं ते बघ. हायवेवर जात नाही. वाठारच्या पुलाखाली जात नाही. गाडी थंड असते ती घराच्या दारात. सकाळी गल्लीत रिव्हर्स घेताना, फाटक उघडेपर्यंत, काचेवरचं दव पुसेपर्यंत ती तिथंच उभी असते. त्याच वेळी शेजारच्या काकू अंगणात सडा घालत असतात. समोरच्या घरातली दोन पोरं शाळेच्या गाडीची वाट बघत उभी असतात, त्यांची नाकं मोठ्या माणसांपेक्षा आमच्या सायलेन्सरच्या नळीच्या जवळ असतात. वारणेकाठी पौष-माघात धुकं खाली बसतं, वारा पडलेला असतो, दोन्ही बाजूंनी भिंती असलेल्या बोळातून धूर लवकर हलत नाही. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून जास्त ओढीनं चिकटतो. न जळलेल्या पेट्रोलात बेंझिन असतं आणि त्यानं कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. तू केलेलं काम म्हणजे त्या पोरांच्या वाट्याला हे कमी येणं. "नुसतं बसून असतंय" हे वाक्य मला पटलं नाही ते यासाठी.

मेस्त्रींनी पुढं एक गोष्ट सांगितली तीही खरी. "पीयूसीला काय सुदीक फरक पडत न्हाई." पीयूसी काढताना गाडी चालवत नेलेली असते, इंजिन तापलेलं असतं, कॅट जागा असतो. आमच्या गाडीसारख्या, भारत स्टेज २ किंवा ३ या धूर-नियमांत बसणाऱ्या पेट्रोल कारला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्का आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएम ही मर्यादा आहे. कॅट शाबूत असेल तर तापलेली गाडी ती सहज पार करते, तू असलास काय आणि नसलास काय. तुझी परीक्षा कुठलाही पीयूसीवाला घेत नाही, कारण तुझ्या कामाच्या वेळी तो तिथं नसतोच. जुन्या गाडीचा पर्यावरण कर भरला, पासिंग करून घेतलं, पीयूसीचा कागद घेतला, तरी सकाळच्या त्या दीड मिनिटाचा हिशोब कुठल्याच कागदावर येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये प्रदूषणाचे निकष मोडणारी गाडी चालवल्याबद्दल १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा लिहिलेली आहे. पण तुझ्याविना फिरणारी गाडी त्या कलमात कोण आणि कसा पकडणार? इथं कायदा पोचत नाही, तेव्हा मालकानंच ठरवायचं आहे.

आणि हे कोडोलीत ठरवायचं आहे, म्हणून मला ते जास्त लागतं. आपल्या देशात गाड्यांच्या धुराचे नियम शहरांची यादी करून आले. १९९५ च्या एप्रिलमध्ये शिसंविरहित पेट्रोल आणि कॅटलिटिक कन्व्हर्टर आले ते चार महानगरांत. देशभर शिसं निघालं ते २००० च्या फेब्रुवारीत. २००५ मध्ये भारत स्टेज ३ लागू झालं अकरा शहरांत, त्यात मुंबई आणि पुणे होतं. त्या वर्षी पुण्यातल्या शोरूममधून निघणारी नवी गाडी एका नियमाची, आणि कोल्हापुरात पासिंग होणारी नवी गाडी त्याच्या मागच्या, भारत स्टेज २ च्या नियमाची. २०१० मध्ये भारत स्टेज ४ पहिल्यांदा आलं त्या यादीत पुणे होतं, सोलापूरही होतं. कोल्हापूर नव्हतं. देशभर ते लागू व्हायला २०१७ चा एप्रिल उजाडला. म्हणजे हवा साफ करण्याचं तंत्र असायचं, इंधनही बनत असायचं, फक्त ते आपल्यापर्यंत यायला काही वर्षं जायची. शहरातल्या माणसाच्या फुफ्फुसाला आधी, गावातल्याच्या नंतर.

तू त्या यादीच्या बाहेरून आमच्याकडं आलास. पुण्याच्या नियमाची गाडी एमएच-१२ची पाटी लावून कोडोलीत आली आणि तिच्यासोबत तू आलास. इथं कुणी तुला मागवलं नव्हतं, कुठल्या सरकारी पत्रकानं पाठवलं नव्हतं. आता तुला काढून पत्रा मारायचा, म्हणजे त्या जुन्या याद्यांत आपल्याला जी जागा दिली होती ती आपल्याच हातानं परत घ्यायची. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला, त्यात हवा बिघडलेल्या शहरांमध्ये कोल्हापूरचं नाव आहे. कोडोली त्यात कुठून असणार, ते गाव आहे. पण ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या वारणानगरच्या रस्त्याला लागल्या की इथल्या बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या नाकात काय जातं, ते इथं राहणाऱ्यालाच विचारावं. त्या ट्रॅक्टरवर माझा काही इलाज नाही. माझ्या गाडीवर आहे.

तुझ्या घराण्याचा इतिहास मी या निमित्तानं वाचला, तो शेतकऱ्याच्या गावात सांगण्यासारखा आहे. लॉस एंजेलिस शहरावर १९४० च्या दशकात डोळे चुरचुरवणारं धुकं बसू लागलं. ते कशानं होतं हे कळेना. तिथल्या शेतांतल्या पालेभाज्यांची पानं करपून चंदेरी-तांबूस पडायला लागली. आरी हागेन-स्मिट नावाचे एक डच रसायनशास्त्रज्ञ कॅलटेक या विज्ञानसंस्थेत तेव्हा अननसाच्या स्वादावर काम करत होते. त्यांनी ते सोडून हा प्रश्न हातात घेतला. पालक, शुगर बीट, ओट, एंडाइव्ह आणि लसूणघास या पिकांवर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले, आणि १९५२ मध्ये मांडलं की गाड्यांतून आणि तेलशुद्धीकरणातून सुटलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड उन्हात एकमेकांत मिसळून ओझोन आणि त्याच्या जोडीचे जाळणारे पदार्थ तयार होतात, आणि पानं जळतात ती त्यांनी. लसूणघास! आमच्याकडं प्रत्येक म्हैसवाल्याच्या वाफ्यात ती आहे. ज्या शोधातून पुढं तुझा जन्म झाला त्याच्या पहिल्या साक्षीदारांत जनावरांचा चाराही होता, हे गोठा असलेल्या माणसाला एकदा सांगितलं की तुझं काम समजावायला वेगळं काही लागत नाही.

त्या शोधानंतर कॅलिफोर्नियानं कायदे केले आणि १९६६ च्या मॉडेलपासून तिथं विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांत तुझे पूर्वज बसले. ते विजेवर चालत नव्हते. पट्ट्यावर चालायचे, इंजिन चालू आहे तोवर अखंड फिरायचे, इंजिनाची थोडी ताकद खायचे, आवाज करायचे आणि जॅम झाले तर पट्टा तोडायचे. तिथल्या हौशी लोकांनी ते काढून फेकले आणि "पंप काढला की गाडी मोकळी पळते" अशी समजूत रुजली. ती समजूत सात समुद्र ओलांडून आमच्या गॅरेजपर्यंत आली, पण तोवर पंप बदलला होता. तू विजेवर चालतोस, तीस-चाळीस अँपिअर घेतोस खरं, पण दीड मिनिट. त्यानंतर तुझा भार शून्य. तुला काढून पिकअप वाढत नाही, अॅव्हरेज वाढत नाही. तुझं वजन सोडलं तर गाडीचं काहीच हलकं होत नाही.

उलट अर्धवट काढलं तर नुकसान होतं. काही ठिकाणी पंप तेवढा काढतात आणि व्हॉल्व्ह तसाच गळका ठेवतात. मग मॅनिफोल्डमध्ये त्या वाटेनं बाहेरची हवा ओढली जाते. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरला वाटतं, पेट्रोल कमी पडतंय. संगणक पेट्रोल वाढवतो. गाडी जास्त पिते, कॅट जास्त तापतो आणि लवकर मरतो. शिवाय गळणारा धूर बॉनेटखाली कोंडतो आणि हवा आत घेण्याच्या जाळीतून केबिनमध्येही येऊ शकतो. दिवा लॅपटॉपवरून कायमचा बंद केला की यातलं काहीच कळायचा मार्ग राहत नाही.

तेव्हा दुरुस्तीच. इथं मेस्त्रींना मान द्यावा लागेल, कारण एकदा "करायचंच" म्हटल्यावर त्यांनी मन लावून केलं. आणि उघडल्यावर जे दिसलं ते मी मुद्दाम लिहून ठेवतो, दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल.

पहिल्यांदा फ्यूज पाहिला. तुझ्या सर्किटचा फ्यूज मोठा असतो, तो शाबूत होता. रिले टकटक करत होता. तुझ्यापासून निघालेला नळीदार प्लास्टिकचा पाईप वीस वर्षांच्या उष्णतेनं कडक झाला होता. मेस्त्रींनी तो नुसता हातात धरला तर काडकन तुटला. तुटलेलं टोक खाली केलं आणि त्यातून चमचाभर तांबूस काळं पाणी गॅरेजच्या फरशीवर पडलं. मेस्त्री खाली बसले, बोटाला ते लावून चोळलं. काजळी आणि गंज. ते पाणी पावसाचं नव्हतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं, ते वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं. पण ते तुझ्या पाईपात कसं आलं? तुझ्याकडून हवा तिकडं जायची, तिकडून काही यायचंच नाही.

मग इंजिन चालू केलं. तू बंद, पाईप काढलेला, व्हॉल्व्हचं तोंड उघडं. मेस्त्रींनी त्या तोंडाशी तळहात धरला आणि मला म्हणाले, "धरा." मी धरला. ठक ठक ठक, प्रत्येक ठोक्याला गरम फुंकर तळहातावर बसत होती. चोर सापडला. व्हॉल्व्हच्या आतली चकती बसत नव्हती. धूर उलटा येत होता, पाईपात गार होऊन त्याचं पाणी होत होतं, आणि ते पाणी उतरून तुझ्या पोटात जमत होतं. विहिरीवरच्या मोटरीचा फूट व्हॉल्व्ह गेला की पाणी परत विहिरीत उतरतं आणि आपण मोटरीला नावं ठेवतो, तसंच हे. मेस्त्री हसले. "म्हंजे पंप बदलला असता तर तोबी गेला असता."

हे फार महत्त्वाचं आहे आणि पंपा, तुझ्या बहुतेक भावंडांच्या मरणाचं कारण हेच असतं. व्हॉल्व्ह गळतो, पाणी मागं येतं, तुझी बेअरिंग गंजते, तू आधी घरघरतोस, मग अडकतोस, मग फ्यूज उडतो. मालक नवा किंवा जुन्या बाजारातला पंप आणून बसवतो, व्हॉल्व्ह तोच ठेवतो, आणि वर्ष-दोन वर्षांत पुन्हा तेच. मग म्हणतो, "ह्या गाडीचा पंप टिकतच नाही, काढून टाका." मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या पार्टांच्या बाजारातून तुझ्यासारखा एखादा आणायचा असेल तर त्याच्या तोंडात बोट घालून बघावं. काजळी आणि गंज लागला तर तोही त्याच आजारानं गेलेला आहे.

तुला बाहेर काढून खोललं. पंख्याच्या कडेला पाण्यासोबत आलेल्या गंजाचा थर होता, पण पाती शाबूत होती. गंज काढला, बेअरिंग धुतली, वाळवली. मग मध्ये फ्यूज घालून बॅटरीवर सरळ जोडलं. आधी किरकिरलास, मग फिरायला लागलास. तू अजून किती दिवस चालशील ते मेस्त्रींनीही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. नवा व्हॉल्व्ह मात्र मागवला आहे, तो येईपर्यंत तुला जोडायचं नाही असं ठरलं. व्हॅक्यूमचा बारीक रबरी पाईपही भेगाळला होता, त्याच्याविना व्हॉल्व्ह उघडलाच नसता. तो बदलला, खर्च चहापाण्याएवढा. मॅनिफोल्डच्या ज्या भोकांतून तुझी हवा जाते त्यांत वीस वर्षांचा कार्बन दाटला होता, तो तार घालून आणि स्प्रे मारून काढला. पी०४११ येण्यात त्याचाही हात असणार.

या सगळ्याला वेळ लागला, हे मान्य. पत्रा मारायला अर्धा तास पुरला असता. पण कोल्हापूर जिल्ह्याच्या मेस्त्रीला वेळ लागणाऱ्या कामाची भीती कधीपासून वाटायला लागली? बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीनं सिनेमाचा कॅमेरा याच कोल्हापुरात बनवला. उद्यमनगरातल्या लेथवर लोकांनी ऑइल इंजिनं घडवली, त्यावर या खोऱ्यातल्या विहिरी उपसल्या गेल्या. "न्हाई होत" हे इथल्या कारागिराचं वाक्यच नाही. मग तुझ्या बाबतीतच "काढून टाका" हे इतक्या लवकर का येतं? मला वाटतं, तुझं बिघडणं मालकाला दुखत नाही म्हणून. क्लच गेला तर मालक धावत येतो. तू गेलास तर शेजारी खोकतो.

तुझी छोटी भावंडं तर गावभर आहेत. गेल्या दोन दशकांतल्या बऱ्याच फोर-स्ट्रोक मोटारसायकलींना एअर फिल्टरकडून सिलिंडरच्या एक्झॉस्ट पोर्टकडं जाणारी एक बारीक नळी असते. तिच्यात मोटर नसते, पत्र्याची एक पातळ जीभ असते. एक्झॉस्टच्या ठोक्यांमध्ये जी ओढ निर्माण होते तिनं ती जीभ उघडते आणि हवा आत जाते. काम तुझंच. ती जीभ किंवा तिच्यासोबतचा पडदा खराब झाला की अॅक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमधून पटपट फुटल्यासारखा आवाज येतो. मग कुणीतरी ती नळी काढून बोल्ट ठोकतो, आवाज थांबतो, पोरगं खूश. कोडोलीत सकाळी कामावर आणि कॉलेजला निघणाऱ्या किती मोटारसायकलींत असा बोल्ट आहे, ते बघायला कुणी बसलेलं नाही. डिझेल जीपांच्या ईजीआर व्हॉल्व्हचीही तीच कथा, तिथंही पत्राच. त्याचं काम वेगळं, नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करण्याचं, आणि त्याच्या काजळीचा त्रासही खरा आहे. त्यावर साफ करणं हा इलाज आहे, तोही लोक करत नाहीत.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ज्या जुन्या गाडीला कंपनीनं मुळात तुला दिलंच नाही, तिच्यावर कुणी तुला नव्यानं बसवायला जाऊ नये. तिचं इंजिन आणि संगणक त्या हिशोबानं बनवलेला नाही. माझा आग्रह एवढाच की जिथं तू आहेस तिथं तुला राहू द्यावं.

पंपा, पत्र तुला लिहिलं तरी वाचणार दुसरेच, म्हणून शेवटचं त्यांच्याशी बोलतो. वारणानगरला तात्यासाहेब कोरे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून आहे, आमच्या कोडोलीच्या दारातच. तिथल्या मेकॅनिकलच्या मुलामुलींनी एका हिवाळ्यात एवढं करावं : भल्या पहाटे, रात्रभर उभ्या असलेल्या काही जुन्या पेट्रोल गाड्यांचा धूर मोजावा, एकदा पंप चालू ठेवून आणि एकदा त्याचा फ्यूज काढून. मोटारसायकलींचाही मोजावा, नळी जोडून आणि नळी बंद करून. जे आकडे येतील ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत. नवा व्हॉल्व्ह बसला की आमची गाडी त्यासाठी केव्हाही घेऊन जा.

आणि गॅरेजवाल्या दादांना विनंती. गाडी अशी तक्रार घेऊन आली की पत्रा कापण्याआधी पाईप काढा, इंजिन चालू करा आणि व्हॉल्व्हच्या तोंडाशी तळहात धरा. गरम फुंकर लागली तर मालकाला बोलावून त्याचाही हात तिथं धरायला लावा, आणि आधी व्हॉल्व्ह बदला.

तुझा,
कोडोलीतला एक जुन्या गाडीचा मालक